इटलीतल्या सँडविचच्या गाड्या: लोकांची मतं आणि तुमचे नेहमीचे प्रश्न

मे महिन्यात शाळांना सुट्ट्या लागल्या की आमच्याकडे पाहुण्यांची रीघ लागते. मी फ्लॉरेन्सला राहते, अकरा वर्षं झाली. येणारा प्रत्येक जण फोनवर कुठल्या तरी सँडविचच्या गाडीचं पान उघडतो, माझ्या नाकासमोर धरतो आणि विचारतो, "इथे एकानं पाच तारे दिलेत, त्याच्याखाली दुसऱ्यानं एकच दिलाय. मग जायचं की नाही?" मामा असो, नवऱ्याचे ऑफिसातले मित्र असोत की पुण्याहून आलेली कॉलेजची पोरं, प्रश्न तेच. म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली आहेत. यापुढे हीच पाठवणार.

गाड्या म्हणजे नक्की कसल्या? आपल्याकडे फूड ट्रक असतो तशा?

एकच एक प्रकार नाही. फ्लॉरेन्समध्ये चौकात एक स्टीलची गाडी उभी असते, तिला इथले लोक 'बांकीनो' म्हणतात. तिच्यावर मुख्यतः वजडी शिजते. रोमच्या आसपास, उंब्रियात, आठवड्याच्या बाजारात आणि जत्रेत पांढरी व्हॅन येते, तिची एक बाजू वर उचललेली आणि आत काचेमागे अख्खं भाजलेलं डुक्कर आडवं. एड्रियाटिक समुद्राच्या बाजूला रोमान्यात गेलात की रस्त्याकडेला पियादीना नावाच्या भाजलेल्या पोळीच्या टपऱ्या लागतात. मिलानला सान सिरो स्टेडियमबाहेर मॅचच्या दिवशी ट्रेलर लागतात, तिथे तव्यावर सॉसेज, कांदा आणि ढोबळी मिरची परतत असते. आणि खाली सिसिलीतल्या पालेर्मोला तीनचाकी.

ती तीनचाकी बघून आमचे एक काका खूप हसले. पियाज्जिओ कंपनीनं ती १९४८ साली बाजारात आणली, नाव 'आपे', म्हणजे मधमाशी. आपण तिलाच अ‍ॅपे म्हणतो, आणि पियाज्जिओचा कारखाना बारामतीत आहे. काका बारामतीचेच. "म्हणजे इतक्या लांब येऊन आमच्या गावची गाडी बघायची!" असं म्हणून त्यांनी तिच्यासोबत तीन फोटो काढले. सँडविचचा एकही नाही.

किती तारे असले की जावं?

तारे बघूच नका. तक्रारी वाचा.

हे मी उगाच म्हणत नाही. या गाड्यांबद्दलच्या वाईट मतांमध्ये एक गंमत असते: तक्रार म्हणून जे लिहिलेलं असतं, ते बरेचदा त्या पदार्थाचं बिनचूक वर्णन असतं. "पाव अळणी होता." हो, तो तसाच असतो. "पाव ओला करून दिला." तशीच रीत आहे. "आत फक्त मांस, ना सॉस ना सॅलड." बरोबर. "दुपारी अडीचला गेलो तर आवरत होता." अर्थात. लिहिणारा रागावलेला असतो, पण खोटं बोलत नसतो. त्याला हवं होतं ते एक आणि समोर आलं ते दुसरं. आता तुम्हाला यातलं काय हवंय ते तुम्ही ठरवा. 'ओला पाव' वाचून ज्याच्या तोंडाला पाणी सुटेल, त्यानं खुशाल जावं.

उलट पाच ताऱ्यांची मतं वाचून हाताला काही लागत नाही. "अप्रतिम! जरूर भेट द्या!" यातून काय कळलं? भेट कशाला द्यायची, पाव कसला होता, काहीच नाही.

कबुलीही देऊन टाकते. इथे आल्यावर पहिल्याच वर्षी मी एका गाडीला एक तारा दिला होता. लिहिलं होतं, "थंड सँडविच दिलं, गरम करून मागितलं तर नाही म्हणाला." भाजलेल्या डुकराचं सँडविच होतं. ते कोमटच खायचं असतं, परत तापवलं तर चरबी वितळून पाव लिबलिबीत होतो आणि वरची कुरकुरीत साल चामड्यासारखी होते. हे मला दोन वर्षांनी कळलं. मत काढून टाकायला गेले, तर पासवर्ड आठवेना. ते अजून तिथेच आहे.

पाव खरंच अळणी असतो का?

टस्कनीत हो. इथल्या पारंपरिक पावात मीठ घालतच नाहीत. का, यावर पीसाच्या लोकांनी मीठ अडवलं होतं इथपासून कर वाचवण्यापर्यंत कथा आहेत, ज्याला जी आवडेल ती तो सांगतो. कारण काहीही असो, इथलं खारवलेलं मांस आणि चीज इतकं खारट असतं की बिनमिठाचा पावच बरा वाटतो. भाकरीत आपण तरी कुठे मीठ घालतो? सोबत ठेचा असतो ना. मात्र हा पाव नुसता तोडून खाऊ नका, नाहीतर तुम्हीही जाऊन एक तारा देऊन याल.

स्क्याच्चाता नावाचा चपटा पाव मिळतो तो वेगळा. त्याला वरून तेल आणि मीठ लावलेलं असतं, तो चवीला छान खारट असतो.

'लांप्रेदोत्तो'बद्दल लोक इतकं टोकाचं का लिहितात? एक तर जीव ओवाळतात, नाहीतर "वास आला, फेकून दिलं".

कारण ती वजडी आहे. गाईच्या चार पोटांपैकी शेवटचं, चौथं. गोमांस वर्ज्य असेल तर हा प्रश्न इथेच संपला, पुढच्याकडे वळा. ज्यांना चालतं त्यांच्यासाठी नीट सांगते, कारण फ्लॉरेन्सची गाडी म्हणजे हेच.

मोठ्या पातेल्यात कांदा, टोमॅटो, सेलरी, पार्सली घालून ते तासन्‌तास उकळतं. तुम्ही मागितलंत की गाडीवाला लांब काट्यानं आतून एक राखाडी-तपकिरी तुकडा वर काढतो, एका कडेला झालर असलेला. त्या झालरीला 'गाला' म्हणतात, जुनी गिऱ्हाइकं ती मुद्दाम मागून घेतात. तुकडा लाकडी पाटावर पडतो, वाफ गाडीवाल्याच्या चष्म्यावर चढते, आणि तो न बघता सुरी चालवत राहतो. मग गोल पाव मधून कापायचा, खालच्या अर्ध्यावर मांस रचायचं, मीठ, मिरपूड, हिरवी चटणी, हवं असेल तर तिखट तेल. इथवर सगळं शांत. मग तो वरचा अर्धा पाव काट्यावर घेतो आणि मांडी घालून बसलेला माणूस ज्या सहजतेनं चहात बिस्कीट बुडवतो, तसा पातेल्यातल्या रश्श्यात एक क्षण बुडवतो. हाच तो 'ओला पाव'. नको असेल तर बुडवायच्या आधी सांगायचं. हवा असेल तर म्हणायचं 'बान्यातो'. तो शब्द ऐकला की समोरच्याचा चेहरा जरा खुलतो.

चव? मटणाची वजडी ज्यांच्या घरी होते त्यांना काही नवल वाटणार नाही. आपल्यापेक्षा मसाला कमी, रस्सा पातळ, मांस मऊ. वास येतो. वजडीला वास येतोच. आमच्या घरी साताऱ्याला वजडी साफ करायची म्हणजे आईचा अर्धा रविवार जायचा, त्यामानानं इथली फारच सभ्य.

गाडीवाला उर्मट आहे असं प्रत्येक दुसऱ्या मतात लिहिलेलं दिसतं. इतके तिरसट असतात?

दुपारी साडेबाराच्या रांगेत तिरसट वाटतात. तेव्हा त्याच्यासमोर बांधकामावरचे गवंडी, बँकेतले लोक, विद्यार्थी असे पंधरा-वीस जण उभे असतात आणि प्रत्येकाकडे अर्धा तास असतो. त्या वेळी पुढे जाऊन "यात काय काय आहे? आणि हे? बरं मग ते?" असं सुरू केलं की तो मान वर न करता उत्तर देतो. सदाशिव पेठेत वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगायला लागू नये.

उपाय सोपा. रांगेत असतानाच फळा वाचून ठरवा. पुढच्या माणसाला तो काय विचारतोय ते ऐका, तुम्हालाही तेच विचारणार आहे: मीठ-मिरपूड? हिरवी चटणी? तिखट? आधी "ब्वोनज्योर्नो" म्हणा. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे. नमस्कार न करता थेट बोट दाखवून "वन, धिस" म्हणणं इथे खरोखर उद्धट समजतात, आणि मग तोही तसाच वागतो. अकरा वाजता किंवा दोनच्या सुमाराला गेलात तर तोच माणूस तुम्हाला त्याच्या सासूची गोष्ट सांगेल.

आम्ही शाकाहारी आहोत. "व्हेज ऑप्शन आहेत" असं मतांत लिहिलंय. विश्वास ठेवावा?

नाही. निदान त्या एका वाक्यावर नाही. लिहिणाऱ्याचं शाकाहारी आणि आपलं शाकाहारी यांत बरंच अंतर असतं, आणि ते अंतर नेमकं पुढच्या गोष्टींत लपलेलं असतं:

हिरव्या चटणीत अँचोव्ही म्हणजे खारवलेली छोटी मासळी असू शकते. दिसायला ती अगदी आपली कोथिंबिरीची चटणी, म्हणून आपली माणसं बिनधास्त मागतात.

पियादीना दिसते आपल्या पोळीसारखी, मैद्याची, तव्यावर भाजलेली. पण कणकेत पारंपरिकरीत्या डुकराची चरबी घालतात. ऑलिव्ह तेलाचीही मिळते, बऱ्याच टपऱ्यांवर दोन्ही असतात. 'स्त्रुत्तो' लिहिलं असेल तर चरबी, 'ओल्यो' म्हणजे तेल. एका आत्यांनी आधी दोन खाल्ल्या आणि मग मला फोन करून विचारलं. मी खरं सांगितलं. आजही वाटतं, खोटं सांगायला हवं होतं.

चीजमध्ये बरेचदा वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध गोठवणारं द्रव्य, असतं. पार्मिज्यानोत तर नियमानंच असतं, बाकीच्या कित्येक इटालियन चीजमध्येही असतं. हे चालत नसेल तर टोमॅटो-मोझरेला-बेसिलच्या पानीनोलाही हात लावण्याआधी विचारायला हवं.

आणि सुरी, पाट, हातमोजे, सगळं एकच. डुकराच्या व्हॅनवर चीजचं सँडविच मागितलंत तर मिळेल, पण कापणार त्याच सुरीनं.

एवढं सगळं वाचून हिरमोड झाला असेल तर पालेर्मोला जा.

पालेर्मोला काय आहे?

बेसन!

पानेल्ले म्हणतात त्याला. हरभऱ्याचं पीठ पाण्यात कालवायचं, मीठ, पार्सली, आणि मंद आचेवर ढवळत बसायचं. गुठळी होऊ द्यायची नाही. पीठ घट्ट होऊन कढईच्या कडा सोडायला लागलं की पातळ थापायचं, गार झालं की कापायचं आणि तळायचं. आता सांगा, तळण्याआधीपर्यंत ही पाटवडी नाही तर काय आहे? मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा गाडीवाल्याला म्हणाले, आमच्याकडे आजी हेच करते, फक्त वरून खोबरं-कोथिंबीर घालते आणि तळत नाही. त्यानं माझ्याकडे संशयानं बघितलं. तळत नाही म्हणजे काय!

तळलेले पाच-सहा चौकोन तीळ लावलेल्या पावात घालून वर लिंबू पिळून देतात. बटाट्याचे लांबट क्रोकेही त्यातच घालून मागता येतात. म्हणजे पावात बेसन आणि पावात बटाटा. दादरला अशोक वैद्यांनी १९६६ साली वडापाव सुरू केला असं आपण सांगतो, त्या माणसाला पालेर्मोच्या बाजारात दहा मिनिटं उभं करायला हवं होतं.

यावर ऑनलाइन तक्रार कोणती असते ठाऊक आहे? "खूप तेलकट, पावात पाव खाल्ल्यासारखं वाटलं." बघा, पुन्हा अचूक वर्णन. वडापाव खाणाऱ्या माणसाला हे वाचून गाडी गाठावीशीच वाटेल.

तळणीचं तेल कशाकशाला वापरतात ते मात्र विचारा. आणि शेजारच्याच गाडीवर प्लीहा आणि फुप्फुसं घातलेला पाव मिळतो, तेव्हा रांग नीट बघून लावा. तो साधा, नुसता लिंबू पिळून घेतला तर त्याला 'स्क्येत्तु' म्हणजे अविवाहित म्हणतात, आणि वर चीज घातलं की 'मारितातु', लग्न झालेला.

कांदा-लसूण नसलेलं काही मिळेल?

पानेल्ले विचारून बघा. युरोपच्या नियमाप्रमाणे प्रत्येक विक्रेत्याला १४ अ‍ॅलर्जीकारक पदार्थांची माहिती द्यावी लागते, सुट्ट्या विकलेल्या खाण्याचीसुद्धा. पण त्या यादीत ग्लूटेन, दूध, अंडं, मासे, तीळ, मोहरी, सेलरी वगैरे आहेत. कांदा, लसूण किंवा डुक्कर-गाय त्यात येत नाही. तेव्हा यादी बघून निश्चिंत होऊ नका, तोंडानं विचारा.

पोर्केत्ता म्हणजे काय, आणि "साल मिळाली नाही" असं लोक रागानं का लिहितात?

हाडं काढलेलं अख्खं डुक्कर, आत मीठ, मिरपूड, लसूण, रोझमेरी भरून, गुंडाळून, बांधून, भट्टीत कित्येक तास भाजलेलं. रोमच्या दक्षिणेला अरीच्चा नावाचं गाव यासाठी प्रसिद्ध आहे. तिथल्या पोर्केत्ताला २०११ साली युरोपचं भौगोलिक मानांकन मिळालं, आपल्याकडे नागपूरच्या संत्र्याला आहे तसं. उंब्रियाकडे रोझमेरीऐवजी रानबडीशेप घालतात. दोन्हीकडचे लोक दुसऱ्याला नावं ठेवतात.

साल म्हणजे बाहेरचं कातडं, भाजून काचेसारखं कडक झालेलं. एका डुकराला ते मोजकंच असतं आणि सगळ्यांना तेच हवं असतं. नेहमीचं गिऱ्हाईक आलं की गाडीवाला न बोलता सालीचा मोठा तुकडा पावात सरकवतो. तुम्हाला हवा असेल तर "कोन ला क्रोस्ता" म्हणा, देईल. "सालीशिवाय दिलं, तारा एक" अशा मतांबद्दल मला सहानुभूती आहे. मागायला हवं हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

"फार चरबी होती" असंही लिहितात. चरबी नसलेला पोर्केत्ता पेंढ्यासारखा लागतो. व्हॅनवर मांस वजनावरही मिळतं, शंभर ग्रॅमला 'एत्तो' म्हणतात; घरी न्यायचं असेल तर एत्तोच्या हिशोबात मागा.

पानीनी ग्रिल करून देतात ना?

पानीनी हे अनेकवचन आहे. एक असेल तर पानीनो, आणि त्याचा अर्थ फक्त 'पावाचं सँडविच'. चट्टेपट्टे उमटवून दाबून भाजणं ही अट नाही. बहुतेक गाड्यांवर पाव आहे तसाच मिळतो.

न्यू जर्सीला आमच्या घराजवळ इटालियन सँडविचचा ट्रेलर आहे, त्यावर पाच थर भरून देतात. इटलीत इतकं कमी का घालतात?

हा प्रश्न दर वर्षी नवऱ्याची चुलत बहीण विचारते. अमेरिकेतलं इटालियन सँडविच हा तिकडे गेलेल्या इटालियन लोकांनी तिथे घडवलेला वेगळा पदार्थ आहे. न्यू ऑर्लीन्सचं मुफुलेत्ता सिसिलीहून गेलेल्या दुकानदारांचं, विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं. फिलाडेल्फियाचा होगी, न्यू जर्सीचा सब ही सगळी कामगारवस्तीतली पोटभरीची खाणी: तीन-चार प्रकारचं खारवलेलं मांस, चीज, लेट्यूस, कांदा, व्हिनेगर, ओरेगॅनो. तिथे मांस स्वस्त होतं, हात सैल सुटला.

इटलीत साधारणपणे एक मांस, फार तर एक चीज. मोर्तादेल्ला, म्हणजे डुकराचं जाडजूड सॉसेज, असेल तर मोर्तादेल्लाच. म्हणून अमेरिकेहून येणाऱ्यांच्या मतांत "कंजूस" हा शब्द सारखा दिसतो, आणि इथला माणूस तिकडे गेला की "चव कशाचीच लागली नाही" असं लिहितो. दोघांचंही आपापल्या जागी खरं आहे. मला स्वतःला सब आवडतो, हे इथे शेजाऱ्यांना सांगत नाही.

ही मतं खोटी, विकत घेतलेली असतात का?

काही असतात. २०१८ साली दक्षिणेकडच्या लेच्चे शहरातल्या कोर्टानं हॉटेलांना खोटी स्तुती लिहून विकणाऱ्या एका माणसाला ९ महिन्यांची कैद सुनावली होती. युरोपात मे २०२२ पासून खोटी मतं लिहिणं-लिहवून घेणं कायद्यानं उघड बंद आहे.

पण छोट्या गाड्यांच्या बाबतीत मला हा धोका कमी वाटतो. पातेलं ढवळणाऱ्या माणसाला त्यासाठी ना वेळ ना पैसा. तिथे अडचण वेगळी आहे: जे रोज खातात ते कधीच लिहीत नाहीत. आमच्या चौकातल्या गाडीवर एक आजोबा मी इथे आल्यापासून दर गुरुवारी येतात. कोट, टोपी, हातात वर्तमानपत्र. उभ्या उभ्या खातात, एक छोटा ग्लास लाल वाईन पितात, जातात. त्यांचं मत कुठे वाचायला मिळणार? लिहितो तो आयुष्यात एकदाच आलेला माणूस, भुकेला, उन्हात चालून दमलेला, शेजारी कुरकुरणारं मूल. म्हणून मी पाहुण्यांना सांगते की मतं वाचायचीच असतील तर इटालियन भाषेतली, भाषांतर करून वाचा. त्यांत "पूर्वीचा म्हातारा जास्त चांगलं करायचा" असं हमखास सापडेल. हे वाक्य ज्या गाडीबद्दल तीन-चार जणांनी लिहिलंय, ती गाडी चांगली समजा, कारण ते तिथे जायचे थांबलेले नाहीत.

किती पैसे लागतात? कार्ड चालतं?

गाडीवर साधारण पाच-सहा युरोत एक सँडविच मिळतं, प्रसिद्ध जागी आणि मोठ्या चर्चच्या शेजारी जास्त. बसायला जागा नसते, त्यामुळे हॉटेलात बसण्याबद्दल लावतात तो 'कोपेर्तो' नावाचा जादा आकार इथे नाही. कार्ड घ्यायला नकार देणाऱ्याला २०२२ पासून दंड आहे: ३० युरो आणि वर व्यवहाराच्या ४ टक्के. तरी "मशीन आज चालत नाही" हे तुम्हाला ऐकू येईल. दहाची नोट खिशात ठेवा, पन्नासची काढू नका. पावती मात्र मागून घ्या.

फ्लॉरेन्समध्ये रस्त्यात उभं राहून सँडविच खाल्लं तर दंड होतो, खरं?

झाला असता, एके काळी. सँडविचच्या दुकानांसमोर इतकी गर्दी व्हायला लागली की राहणाऱ्यांना आपल्याच दारातून बाहेर पडता येईना. २०१७ साली महापौरांनी सांता क्रोचे चर्चच्या पायऱ्यांवर जेवणाच्या वेळी पाण्याचे फवारे मारायला लावले, म्हणजे ओल्या पायरीवर कुणी बसणार नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये उफ्फीझी संग्रहालयाजवळच्या चार ठिकाणी दुपारी १२ ते ३ आणि संध्याकाळी ६ ते १० पदपथावर, उंबरठ्यावर बसून-उभं राहून खायला बंदी आली. दंड १५० ते ५०० युरो. तो हुकूम ठरावीक मुदतीचा होता. पण चर्चच्या पायऱ्यांवर कागद पसरून जेवायला बसणं आजही लोकांना खटकतं, आणि नियम अधूनमधून बदलतात. गाडीपाशीच उभं राहून खा. तिथे हात पुसायला कागद असतो, रश्श्याचे ओघळ कोपरापर्यंत जातात तेव्हा त्याची किंमत कळते.

स्वच्छता? पोट बिघडणार नाही ना?

रोममध्ये रात्री उशिरा लागणाऱ्या सँडविचच्या गाड्यांना लोक लाडानं 'झोझोने' म्हणतात, म्हणजे घाणेरडा. नावावर जाऊ नका, आपणही "चल त्या कळकट अण्णाकडे" म्हणतोच. आरोग्य खात्याची तपासणी गाड्यांनाही असते. अकरा वर्षांत माझं पोट एकदाच बिघडलं, आणि ते गाडीवर नव्हे, पांढऱ्या टेबलक्लॉथवर.

मी स्वतः एवढंच बघते: पातेल्यातून वाफ येतेय का, आणि जेवणाच्या वेळी गाडीपुढे माणसं आहेत का. भर दुपारी रिकामी गाडी दिसली तर चार पूर्णांक नऊ तारे असले तरी मी पुढे जाते.

मुलं काय खातील?

नुसत्या शिजवलेल्या हॅमचा पानीनो. "प्रोश्युत्तो कोत्तो" म्हणा. चटणी नको सांगा.

ऑगस्टमध्ये येतोय, गाड्या चालू असतील?

बऱ्याच बंद असतील. १५ ऑगस्टला फेर्रागोस्तोचा सण, त्याच्या आगेमागे दोन-तीन आठवडे गाडीवाला समुद्रावर. शटरवर हातानं लिहिलेला कागद असतो, 'कियूझो पेर फेर्ये', सुट्टीसाठी बंद. आमच्या चौकातल्या गाडीच्या पानावर त्या कागदाचा फोटो टाकून कुणीतरी एक तारा देऊन गेलंय. फोटो स्पष्ट आहे, परत उघडण्याची तारीख त्यात वाचता येते.